गणपतीला मुळा, गरुडाच्या हाती बासरी : माळकरी सासूबाईंबरोबर जपान

कडीपत्ता | ६ डिसेंबर, रात्री १०:१२

आधी मुळ्याचं सांगते, बाकीचं सावकाश.

टोकियोत असाकुसाला सेन्सोजी नावाचं मोठं देऊळ आहे. दारात भला थोरला तांबडा कंदील टांगलेला. सगळेच जातात, आम्हीही गेलो. गर्दी एवढी की आई (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "आषाढीची रांग बरी, तिथं निदान ढकलायला ओळखीची माणसं असतात." तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललं की सुमिदा नदीजवळ एक छोटी टेकडी लागते. वर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ. शोदेन म्हणजे कांगितेन, आणि कांगितेन म्हणजे आपला गणपती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेला. त्याला तिथे दूर्वा नाहीत, जास्वंद नाही. मुळा वाहतात! पांढराशुभ्र, मनगटाहून जाड. देवळातच विकत मिळतो. जिथे बघाल तिथे एकमेकांना बिलगलेल्या दोन मुळ्यांचं चिन्ह. मूर्ती मात्र दिसत नाही, कांगितेनची मूर्ती बंद ठेवायची रीत आहे.

टेकडी चढायला रुळावरून सरकणारा एक छोटा डबा आहे, फुकट. माझ्या सासूबाईंचं वय ६८ आणि गुडघे त्याहून मोठे, त्यामुळे तो डबा बघूनच त्यांनी हात जोडले. वर गेल्यावर मुळा वाहिला आणि मला हळूच विचारलं, "गणपती आहे म्हणता आणि दाखवत नाहीत ते?" मी म्हटलं, नाही दाखवत. "बरं. आपण त्याला दिसलो म्हणजे झालं."

वाहिलेले मुळे नंतर प्रसाद म्हणून लोकांना देतात. आम्हालाही एक मिळाला. आता प्रसाद टाकून कसा द्यायचा? आणि हॉटेलच्या खोलीत मुळ्याचं करायचं काय? सुदैवाने कप्पाबाशी जवळच होतं. कप्पाबाशी म्हणजे हॉटेलवाल्यांच्या भांड्याकुंड्यांची अख्खी गल्ली. सुऱ्या, पातेली, वाट्या, नूडल्स गाळायच्या बांबूच्या चाळण्या, शिवाय दुकानाच्या काचेत मांडायचे प्लॅस्टिकचे खोटे पदार्थ. तिथे तांब्याची किसणी घेतली. तिला भोकं नसतात, नुसते वर काढलेले दात. मुळ्याचा कीस लांब न पडता लगदा होतो आणि रस वर ताटलीतच राहतो. दुकानदाराने खाणाखुणांनी दाखवलं की हाताने उठवलेले दात एका रेषेत नसतात, म्हणून किसताना मुळा फिरवावा लागत नाही. रात्री खोलीत कोपऱ्यावरच्या दुकानातलं दही, घरून नेलेलं दाण्याचं कूट, मीठ. फोडणीशिवाय कोशिंबीर! जपानमध्ये पोटभर जेवलेलं पहिलं जेवण ते.

हे सगळं सांगायचं कारण, निघताना जो तो म्हणत होता, "माळकरी बाईंना कुठे जपानला नेता? उपाशी राहतील, आणि त्यांना तिथे बघायला तरी काय?" उपाशी राहायची वेळ एकदा आली, ती पुढे सांगते. पण बघायचं म्हणाल तर आमच्यापेक्षा त्यांनीच जास्त पाहिलं. मी आणि नवरा उंच इमारती, रंगलेली मेपलची झाडं आणि झेब्रा क्रॉसिंगवरची गर्दी बघत होतो. आई देवळातल्या कोपऱ्यात उभ्या राहून "अगं, ही सरस्वती ना?" म्हणून विचारत होत्या. आणि ती खरंच सरस्वती असायची. तिकडे बेन्झाइतेन म्हणतात. बहुधा पाण्याच्या काठी किंवा तळ्याच्या मधोमध असते, हातात वीणेऐवजी बिवा नावाचं वाद्य.

क्योतोचं सान्जूसान्गेन्दो हे देऊळ यातलं सगळ्यात मोठं. सुमारे १२० मीटर लांब लाकडी सभामंडप, आत सहस्रभुज कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती. आधीची इमारत जळाली, आत्ताची १२६६ सालची. फोटो काढायला बंदी आहे, ते एका अर्थी बरंच, माणसं डोळ्यांनी बघतात. या मूर्तींच्या पुढे २८ रक्षक देवता ओळीने उभ्या आहेत आणि त्यात निम्म्याहून जास्त ओळखीची मंडळी. नाराएन म्हणजे नारायण. करुरा म्हणजे गरुड. चोच आहे, पंख आहेत आणि हातात चक्क बासरी!

आई तिथे दहा मिनिटं हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गरुडाच्या हातात बासरी? मग देवाच्या हातात काय ठेवलं यांनी?"

मला उत्तर आलं नाही. कुणाला येत असेल तर सांगा. जेवणाचं आणि खरेदीचं उद्या लिहिते, आत्ता डोळे मिटताहेत.

---

बोरकूट | ७ डिसेंबर, सकाळी ८:०५

दाण्याचं कूट घेऊन परदेशी जाणाऱ्या समस्त भगिनींना साष्टांग नमस्कार _/\_

ताई, जेवणाचं लवकर लिहा. आम्ही एप्रिलमध्ये जातोय, मी अंडं खाते पण मासे नाही. इंटरनेटवर निम्मे लोक म्हणतात काही अडचण नाही, निम्मे म्हणतात मेलात.

---

निशीकासाईकर | ७ डिसेंबर, सकाळी ९:३१

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मी सोळा वर्षं टोकियोत राहतोय, थोडं सांगतो.

अडचण मांसाची नाही, 'दाशी'ची आहे. दाशी म्हणजे रश्शाचं मूळ पाणी, आपल्या कटाच्या आमटीचा कट म्हणा. ती बहुतेक वेळा कोम्बू (समुद्री वनस्पती) आणि कात्सुओबुशी यांची करतात. कात्सुओबुशी म्हणजे उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवलेला बोनिटो मासा. त्याचे रंधा मारल्यासारखे पापुद्रे काढतात. कोकणातल्या मंडळींना सोडे-सुकटीची आठवण होईल, तत्त्व तेच, पण इथे मासा पानात दिसत नाही. नितळ पाणी दिसतं. मिसो सूपमध्ये ते, सोबा नूडल्सच्या रश्शात ते, पालेभाजीवर ओततात ते, अगदी इनारीच्या, म्हणजे भात भरलेल्या, तळलेल्या तोफूच्या पिशवीतही बऱ्याचदा तेच. "निकू नाशी" म्हणजे मांस नको असं सांगितलं की वेटर मान डोलावतो आणि मनापासून मासा घातलेलं आणतो. त्याच्या लेखी तो मांसाहार नाहीच. "साकाना मो दाशी मो दामे" म्हणजे मासा नको, दाशीही नको, एवढं पाठ करा किंवा जपानीत लिहून जवळ ठेवा.

दुकानात ओनिगिरी (भाताची मूद) घ्याल तर 'उमे' (खारवलेलं आंबट फळ, आपल्या लिंबाच्या लोणच्याची चव डोळ्यापुढे आणा) किंवा 'कोम्बू' बघून घ्या. तरी कडक पाळणाऱ्यांनी मागची यादी तपासावीच.

एक गंमत. 'कोन्न्याकू' नावाची करडी, लुसलुशीत वडी मिळते. ती ज्या कंदाची करतात तो आपल्या सुरणाचा सख्खा चुलतभाऊ. चव काहीच नाही, दाताखाली रबर. पण 'सुरण' म्हटलं की आईंना धीर येईल.

---

कडीपत्ता | ७ डिसेंबर, रात्री ९:४८

निशीकासाईकर, तुम्ही निघायच्या आधी का नाही भेटलात! आमचा फजितवडा नेमका सोबाचा. सोबा कुट्टूच्या पिठाचे असतात, हे नवऱ्याने विमानातच वाचून ठेवलेलं. गुरुवार होता, आईंचा उपास. "उपासाला चालेल," म्हणून मोठ्या तोऱ्यात ऑर्डर दिली. वाडगा समोर आला, वास आला, आईंनी वाडगा अलगद माझ्याकडे सरकवला. काही बोलल्या नाहीत. मग दोन केळी आणि भाजलेलं रताळं. ते रताळं मात्र असं की साखरेत मुरवल्यासारखं. दुकानाच्या दाराशी गरम दगडांवर ठेवलेलं असतं. उरलेले सगळे दिवस ते त्यांचं हक्काचं जेवण झालं.

पण पोट आणि मन दोन्ही भरलं ते कोयासानला. ओसाकाच्या नाम्बाहून गाडी, शेवटी उभ्या चढणीची केबल कार, वर डोंगरात देवळांचं गाव. कूकाई या भिक्षूने ८१६ मध्ये स्थापलेलं. आपल्याकडे मठात उतरतात तसं तिथे देवळातच मुक्काम करता येतो, सकाळी सहाला पूजा असते. जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्षूंचं. मांस-मासा नाही, दाशी फक्त कोम्बूची आणि शिताके अळिंबीची, आणि ऐका, कांदा-लसूणसुद्धा नाही! छोट्या छोट्या तांबड्या वाट्या, प्रत्येकीत दोन घास. तिळाचा 'तोफू' (तोफू नुसता नावाला, तीळ वाटून कंदाच्या सत्त्वात शिजवतात), गोठवून वाळवलेला कोयादोफू, अळकुड्या, कमळाचा कंद, मुळ्याचं लोणचं. आई म्हणाल्या, "चातुर्मासातलं जेवण आहे हे." दुसऱ्या दिवशी सकाळी वाढणाऱ्या भिक्षूला त्यांनी मराठीत "तिखट असतं तर अजून दोन घास गेले असते" असं सांगितलं. तो मनापासून वाकला.

बोरकूट, तुमच्यासाठी सार : रोज एक जेवण हमखास मिळेल असं ठरवून ठेवा, बाकी वेळ भात, फळं, रताळं, पाव. आणि जपानी करी समोर आली म्हणून खूश होऊ नका, मसाल्याच्या वड्यांत बरेचदा मांसाचा अर्क असतो.

---

पोफळी | ७ डिसेंबर, रात्री ११:२०

पावाचा विषय निघाला म्हणून. जपानीत पावाला 'पान' म्हणतात, आणि तो शब्द नि आपला पाव एकाच घरचे. पोर्तुगीज पांव. आमच्या गोव्यात आला तसाच तिकडे गेला. पोर्तुगीज व्यापारी जपानला पोचले १५४३ मध्ये. फ्रान्सिस झेवियर १५४९ ला गोव्याहूनच निघून कागोशिमाला उतरला, सोबत आंजिरो नावाचा जपानी माणूस होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यात झालेला. म्हणजे जुन्या गोव्याच्या रस्त्यांवरून पावणेपाचशे वर्षांपूर्वी जपानी माणूस हिंडत होता. सायबाच्या, म्हणजे याच झेवियरच्या, फेस्ताला मला नेहमी ते आठवतं.

पण खरी गंमत वेगळीच. कडीपत्ता, तुम्ही क्योतोत 'कोम्पेइतो' पाहिलात का? साखरेचे रंगीत, काटेरी, बारीक दाणे. पोर्तुगीज 'कोन्फेइतो'चं जपानी रूप. लुइस फ्रॉइश या पाद्र्याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या बड्या जपानी सरदाराला तेच नजर केले होते. मी पहिल्यांदा पाहिले आणि ओरडलेच, अरे हा तर संक्रांतीचा हलवा! दिसायलाच नाही, करायची रीतही तीच. तिरक्या, तापलेल्या, फिरत्या कढईत बारीक दाणा टाकायचा, वर थेंब थेंब पाक, आणि हलवत राहायचं. आपण घमेल्यात हाताने हलवतो, खाली मंद शेगडी. त्यांना एक घाणा व्हायला दोन आठवडे लागतात. काटा कसा फुटतो ते आजीला विचारलं तर ती म्हणायची, "घाई केली की फुटत नाही."

---

बोरकूट | ८ डिसेंबर, सकाळी ७:५०

हलव्याचे दागिने घालून सून उभी करायची, त्यावर जपानी पाहुणा म्हणणार "ओह, कोम्पेइतो!" :))

---

घाटमाथा | ८ डिसेंबर, दुपारी १:१५

धागा छान आहे, पण आता थोडा खडा टाकतो. जपानहून आलेला प्रत्येक जण तिथल्या स्वच्छतेचं पुराण लावतो आणि शेवट "आपल्याकडे का नाही" वर करतो. ताईंनी अजून केलेलं नाही, ते त्यांचं कौतुक. पण मला खरंच जाणून घ्यायचंय. रस्त्यावर कचरापेट्या नाहीत म्हणे, मग कचरा जातो कुठे?

---

निशीकासाईकर | ८ डिसेंबर, संध्याकाळी ५:४४

खिशात जातो. खरंच. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षेसाठी सार्वजनिक ठिकाणच्या पेट्या मोठ्या प्रमाणावर काढल्या. लोक कचरा पिशवीत घालून घरी नेतात. शाळेत मुलं वर्ग स्वतः झाडतात, त्यामुळे सवय लहानपणापासून. यात जादू काही नाही, आणि सगळे संत आहेत असंही नाही. शनिवारी रात्री शिबुयात जाऊन बघा, सकाळपर्यंत डब्यांचा खच पडलेला असतो.

घाटमाथा, तुमच्या खड्यात माझीही थोडी खडी. पाहुण्याला घर दिसतं ते सणाच्या दिवशीचं. इथे राहायला या. जुन्या भाड्याच्या घरांत जानेवारीत आतबाहेर सारखीच थंडी, कारण भिंती पातळ. घर भाड्याने घेताना मालकाला 'रेइकिन', म्हणजे परत न मिळणारी 'आभाराची' रक्कम द्यायची. परदेशी म्हटलं की काही मालक सरळ नकार देतात, मला दोघांनी दिला. कचऱ्याचे वार ठरलेले : जळणारा या दिवशी, न जळणारा त्या दिवशी, बाटल्या वेगळ्या, बाटल्यांची बुचं वेगळी. चुकलात तर पिशवी चिठ्ठी लावून तिथेच सोडतात आणि आख्ख्या गल्लीला कळतं. पहिल्या वर्षी माझ्या तीन पिशव्या परत आल्या. शेजारच्या आजीबाईंनी शेवटी तक्ता आणून दारावर चिकटवला, चित्रांसह.

आणि बिस्किटाच्या पुड्यात प्रत्येक बिस्कीट वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये. मग तो सगळा कचरा मोठ्या शिस्तीने वेगळा करायचा. यावर काय बोलणार!

तरी सोळा वर्षं राहिलोय, हेही खरं.

---

दीक्षाभूमी_रोड | ८ डिसेंबर, रात्री ८:०२

कडीपत्ताताई, कोयासानला गेलात तर तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा पाहिलात का? सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री फडणवीसांच्या हस्ते अनावरण झालं होतं. आमच्या ओळखीतले काही जण खास त्यासाठी जाऊन आले. नागपूरचं जपानशी नातं तसं घरचंच आहे. भन्ते सुरेई ससाई मूळचे जपानचे, पण गेली कित्येक दशकं नागपूरकर. त्यांचं हिंदी ऐकून कुणी म्हणणार नाही की परदेशी आहेत.

---

कडीपत्ता | ८ डिसेंबर, रात्री १०:३०

हो! रस्ता विचारत गेलो. जपानी डोंगरात, देवदारांसारख्या झाडांच्या सावलीत ओळखीचा चष्मा आणि कोट दिसला आणि आम्ही तिघंही एकदम गप्प झालो. आईंनी गळ्यातला मफलर काढून नमस्कार केला.

कोयासानची दफनभूमी ओकुनोइन तर मी जन्मात विसरणार नाही. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूला आकाशाला भिडलेली झाडं, दोन लाखांहून जास्त समाध्या. शेवाळलेले दगड, सरदारांचे, सामान्यांचे. कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेली स्मारकंसुद्धा आहेत. आणि एक स्मारक चक्क वाळवीचं! वाळवी मारणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेने मारलेल्या वाळवीसाठी उभारलंय, "शांतपणे झोपा" अशा अर्थाचं काहीतरी त्यावर कोरलंय. नवरा हसायला लागला. आई म्हणाल्या, "हसतोस काय? आपण नाही का पितरांच्या आधी कावळ्याला आणि मुंगीला वाढत?"

थडग्यांमागे लाकडाच्या उंच फळ्या असतात, वरच्या टोकाला कंगोरे. त्यावरची अक्षरं जपानी नाहीत, सिद्धम् आहेत. आपल्या देवनागरीची जुनी नातेवाईक. कूकाईनेच ती विद्या ८०६ मध्ये चीनहून नेली. वरून खाली पाच अक्षरं : ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. मान जरा वाकडी करून पाहिलं तर एखादं ओळखू येतं. मला 'र' ओळखता आल्यासारखा वाटला, कदाचित ओळखायचाच होता म्हणून.

---

अकोल्याचा_उन्हाळा | ९ डिसेंबर, सकाळी ११:१०

वस्तूंबद्दल कुणी काहीच बोलेना म्हणून मी सुरुवात करतो. भाचीने जपानहून पेन आणला. खोडायला मागचं रबर घासलं की शाई गायब. घासल्याने उष्णता होते आणि साधारण ६० अंशाला ती शाई रंग सोडते. मला फार आवडला, दुकानाची उधारीची वही त्यानेच लिहायला लागलो. मे महिना. वही गाडीच्या डॅशबोर्डवर. बाहेर ४६. दुपारी उघडतो तर कोरी करकरीत! अख्ख्या गावाची उधारी माफ!!

भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, वही फ्रीजरमध्ये ठेव." ठेवली, रात्रभर. सकाळी सगळी नावं परत, जरा फिकट. उणे दहा-वीस अंशाला ती शाई परत येते म्हणे. तेव्हापासून बायको फ्रीजरकडे बोट दाखवून म्हणते, बँक इथे आहे.

---

घाटमाथा | ९ डिसेंबर, सकाळी ११:२५

हसून हसून ठसका लागला. माझा खडा मागे घेतो.

---

आजोबा_१९५२ | ९ डिसेंबर, दुपारी ४:००

जपानी वस्तू आपल्या घरात कधीपासून आहेत याची पोरांना कल्पना नसते. डास पळवायची वेटोळी उदबत्ती, जिला आपण सरसकट कासवछाप म्हणतो, ती मूळ जपानची. वाकायामाचे उएयामा एइइचिरो यांनी १८९० मध्ये एका फुलाच्या पुडीपासून सरळ काडी केली. ती चाळीस मिनिटांत संपायची. वेटोळं करायची कल्पना त्यांच्या पत्नीची, युकीबाईंची. १९०२ पासून वेटोळी बाजारात आली आणि तीच काडी रात्रभर पुरू लागली. तिकडे ती ठेवायला मातीचं डुक्कर मिळतं, तोंड वासलेलं, आतून धूर निघतो. मुलाने मला आणून दिलंय. नातवंडांना उदबत्तीपेक्षा डुकराचंच अप्रूप.

सूनबाई, किसणी केवढ्याला पडली?

---

कडीपत्ता | ९ डिसेंबर, रात्री ९:१५

आजोबा, किसणीचं सर्वात शेवटी. युकीबाईंना मात्र एक नमस्कार.

वस्तूंचं म्हणाल तर मी काही फार आणलं नाही. शंभर येनच्या दुकानात (कर धरून ११० पडतात, एक येन म्हणजे साठ पैशांच्या आतबाहेर) नवरा दोन तास हरवला होता. तो बाहेर आला तेव्हा हातात : केळं न चेपता न्यायचा केळ्याच्याच आकाराचा डबा, नखं कापल्यावर तुकडे आत साठवणारं नेलकटर आणि अंडी सोलायचं काहीतरी. घरात अंडं येत नाही, हे त्याला पैसे दिल्यावर आठवलं.

मला आवडलं ते रस्त्यावरचं पेयांचं यंत्र. आपल्याकडेही असतात, पण तिथे एकाच यंत्रात गार आणि गरम दोन्ही. निळी पट्टी गार, तांबडी गरम. कोयासानला पहाटे चार-पाच अंश होतं. आईंनी मक्याच्या सूपचा गरम डबा घेतला तो प्यायला नाही, दोन्ही तळव्यांत धरायला. अर्ध्या तासाने डबा गार झाला, मग दुसरा घेतला. त्या दोन न फोडलेल्या डब्यांतलं सूप नवऱ्याने गाडीत प्यायलं.

संडासाबद्दल सगळेच लिहितात. गरम बैठक आणि पाण्याचा फवारा बरीच वर्षं आहे तिकडे. पण बायकांच्या संडासात एक बटण असतं, दाबलं की पाणी सोडल्याचा नुसता आवाज येतो. लाजेपोटी बायका पुन्हा पुन्हा खरं पाणी सोडायच्या, ते वाचवायला काढलेली युक्ती. आईंनी पहिल्यांदा दाबलं आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "नळ फुटलाय बघ आत."

एकच गोष्ट पैसे फुकट गेल्यासारखी वाटली. सगळे सांगतात म्हणून रेल्वेचा सात दिवसांचा पास घेतला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ५०,००० येन झाला. आमच्यासारखं टोकियो ते क्योतो एकदाच जायचं असेल तर सुटं तिकीट १४,००० च्या आसपास पडतं. हिशेब करूनच घ्या. आणि टोकियोहून जाताना उजवीकडची खिडकी मागा, फुजी दिसतो. आम्हाला ढग दिसले.

पोफळी, कोम्पेइतो पाहिले नाहीत, चुटपुट लागली. पण कांगितेनचा प्रसाद खाल्ला. क्योतोत यासाका देवळाजवळच्या जुन्या मिठाईवाल्याकडे 'कांकिदान' मिळतो. तिळाच्या तेलात तळलेला, पुरचुंडीसारखा, वर चुण्या. आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण. तळणीचा मोदकच की! वास मात्र कापूर-चंदन-दालचिनीचा. उदबत्तीच्या दुकानात बसून मोदक खाल्ल्यासारखं वाटतं. आईंनी एक खाल्ला, एक रुमालात बांधून फलटणला आणला. आमच्या देवघरातल्या गणपतीपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "घे, तिकडच्यानं पाठवलाय."

---

निशीकासाईकर | ९ डिसेंबर, रात्री ११:०२

पोफळी, संक्रांतीला इथल्या हळदीकुंकवाला हलव्याऐवजी कोम्पेइतोच वाटतात आमच्या बायका, गेली पाचसहा वर्षं. कुणी ओळखत नाही. आता सांगून टाकतो.

कडीपत्ता, गरुडाच्या बासरीचं उत्तर मिळालं का? मी त्या देवळात चारदा गेलोय, बासरी लक्षातच आली नव्हती. काल मुद्दाम जुनं माहितीपत्रक शोधून काढलं. आहे खरी.

---

कडीपत्ता | १० डिसेंबर, सकाळी ८:४०

मिळालं, पण ते जपानी उत्तर नाही. काल आईंना धागा वाचून दाखवला. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "त्यात काय कोडं? पांडुरंगानं हात कमरेवर ठेवले. मग बासरी कुणीतरी धरायला नको?"

---

बोरकूट | १० डिसेंबर, सकाळी ८:५२

आजींना नमस्कार सांगा.

आणि किसणी केवढ्याला, ते आजोबांच्या वतीने मी पुन्हा विचारते. एप्रिलच्या यादीत लिहून ठेवलीय.

---

कडीपत्ता | १० डिसेंबर, सकाळी ९:०५

सांगत नाही. नवरा हा धागा वाचतो.